गोपनीय आहे, बाहेर थांब

शासनाचं गुपित म्हणजे देवळाचा गाभारा. तिथे अधिकार असलेल्यानेच पाऊल टाकावं.

हे वाक्य आमच्या साहेबांचं. जळगावच्या आमच्या कार्यालयात माहितीच्या सुरक्षेवर कार्यक्रम झाला, तेव्हा हार घालून घेतल्यावर ते हे बोलले. मला वाक्य लगेच कळलं. गाभाऱ्यात कुणी जायचं नाही, याचा आमच्या घराला पिढ्यांचा अनुभव. आजोबांनी तो देवच सोडला, तेव्हा कुठे प्रश्न मिटला.

भाषण आटोपून साहेब केबिनमध्ये गेले आणि आतून मला हाक मारत ओरडले, "अगं, पासवर्ड काय ठेवलाय आपण? टायगरच ना? पुढे एक दोन तीन?"

हॉलमध्ये दाखल्यांसाठी आलेली माणसं बसलेली होती. टायगर हे साहेबांच्या कुत्र्याचं नाव. तेही बऱ्याच जणांना माहीत होतं.

मी तिथे कंत्राटी ऑपरेटर होते. "राखीव जागेतून आलेली दिसते," असं साहेब एकदा कुणाला तरी सांगत होते. आम्हाला एका एजन्सीने घेतलं होतं. तिथे ना राखीव जागा, ना रजा.

माझं काम मेलचं. सरकारी मेल उघडायचा तर दर वेळी मोबाईलवर आकडे येतात, ते टाकायचे. साहेबांना त्याचा कंटाळा. "ही कटकट नको. येईल ते माझ्या घरच्या मेलवर ढकलत जा," त्यांनी सांगितलं. मी ढकलत गेले. टायगर एक दोन तीन हा त्याच घरच्या मेलचा पासवर्ड. पण साहेब मेल स्क्रीनवर वाचत नसत. त्यांना कागद लागायचा. म्हणून मग मी मेल छापायचा. पाकिटात घालायचा. ते पाकीट दुसऱ्या पाकिटात. वर 'गोपनीय'चा लाल शिक्का. मेणबत्तीवर लाख वितळवून सील. एवढं सगळं करून पाकीट आत नेऊन ठेवायचं.

"ठीक आहे. आता बाहेर थांब. गोपनीय आहे."

मी बाहेर थांबायचे. जे मी उघडलं, मी वाचलं, मी डकवलं, ते आत फोडलं जायचं. आत नेहमी कुणी ना कुणी असायचं. ठेकेदार, साहेबांचे साडू, पुढाऱ्यांची माणसं. त्यांना कुणी बाहेर थांब म्हणत नसे. त्यांच्यासमोर चहा यायचा. माझ्यासमोर दार लागायचं.

एकदा लाखेचा तुकडा टेबलाच्या काचेवर पडला. मी तो नखाने काढत होते. तेवढाच उशीर झाला. साहेबांनी समोरच्या दोघांकडे बघून डोळा बारीक केला आणि म्हणाले, "जा बाई. तुमच्या लोकांच्या पोटात काही राहत नाही."

दोघं हसले. एकाला तर ठसका लागला. मीही हसले. करारात तसं लिहिलेलं नसतं, पण हसावं लागतं.

तुमच्या लोकांच्या. घरी येताना नशिराबादच्या बसमध्ये ते शब्द माझ्या शेजारच्या सीटवर बसून आले.

मग तो मेल आला. गिरणाकाठच्या एका गावातल्या गुरुजींची तक्रार होती. नदीतून वाळू कोण उपसतं, ट्रॅक्टर कुणाचे, सगळं नावानिशी. वरच्या कार्यालयाने ती पुढे पाठवताना सुरुवातीलाच बजावलं होतं: तक्रारदाराचं नाव उघड करू नये. त्यातल्या ट्रॅक्टरांचा मालक एका पुढाऱ्याचा भाचा होता. पुढाऱ्याला सगळा तालुका 'भाऊ' म्हणतो. साहेबही म्हणायचे.

मी मेल ढकलला. छापला. दोन पाकिटं, शिक्का, लाख. बाहेर थांबले.

आठवडा झाला नसेल, तोच मेल लोकांच्या फोनवर फिरायला लागला. साहेबांच्या घरच्या पत्त्यावरून भाऊंना गेलेला. वर एक ओळ होती: "भाऊ, माहितीसाठी." भाऊंच्या माणसांनी तो मिरवायला म्हणून गटावर टाकला होता. साहेब आपल्याला काय काय पाठवतात, हे दाखवायला. त्यात गुरुजींचं नाव, गाव, फोन, सगळं होतं.

गुरुजींची मोटरसायकल त्यांच्या दारात जळाली.

मग राजकारण झालं. विरोधी पक्षाच्या नेत्याने पत्रकार परिषद घेतली. "सरकारी गुपितं खासगी मेलवर! हा राज्याच्या सुरक्षेशी खेळ आहे!" आणि पुरावा म्हणून तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. गुरुजींच्या नावासकट. ज्यांना ते नाव कळायचं राहिलं होतं, त्यांचीही सोय झाली. मोर्चा आला. भाऊंच्या पक्षाने खुलासा केला की हा एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा खोडसाळपणा आहे. दोन्ही बाजूंनी लोकशाहीची फार काळजी केली. मोटरसायकलबद्दल कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी नाना माझ्या टेबलाशी आले. नाना आमचे हेडक्लार्क. माणूस वाईट नाही. त्यांच्या हातात टाइप केलेला जबाब होता. माझा. मी न दिलेला. त्यात लिहिलेलं: पासवर्ड माझ्याकडे होता, मेल मी साहेबांच्या परस्पर पाठवला, चूक झाली, माफी असावी.

"पोरी, सही करून टाक. समज देऊन सोडतील."

"नाना, मी पाठवला नाही."

"ते मला माहीत आहे गं."

"पासवर्ड तर तुम्हालाही माहीत आहे."

"आहे ना. पण मी कायम आहे."

हे ते कुत्सितपणे म्हणाले नाहीत. पाऊस येतोय, खिडकी लाव, अशा आवाजात म्हणाले.

"आणि सही नाही केली तर?"

"मग पोलीस. गुपितांचा कायदा आहे म्हणतात. पुरावा काय देशील तू? मेल उघडायचीस तू. ढकलायचीस तू. साहेबांच्या तोंडी हुकमाला कागद आहे का?"

नव्हता. कागदाच्या त्या कार्यालयात फक्त हुकूम तोंडी असायचे. सही केली तर मी चोर. नाही केली तरी मीच चोर, वर कोर्टाच्या खेपा. विचार करकरून मी पुन्हा तिथेच यायचे. न केलेलं सिद्ध कसं करायचं?

आईचं माहेर धुळ्याकडचं. चिडली की ती अहिराणीत बोलते. तिने कागद वाचून घेतला माझ्याकडून. मग म्हणाली, "बठ्ठासले माहीत शे, नि तुलेच सही कराले सांगतस?"

"सगळ्यांना माहीत असून काय? नोकरी जाईल, आई."

"नोकरी जाई. नाव जाई त्ये कोठून आणशी?"

मला तेही पटलं आणि नोकरीही हवी होती. कागद पर्समध्ये घेऊन मी पुन्हा कामावर गेले.

त्या दिवशी गुरुजी आले. साहेबांना भेटायला. शिपायाने त्यांना बाहेर थांबायला सांगितलं, आत मीटिंग होती. ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले. कुणीतरी त्यांना माझ्याकडे बोट दाखवलं असावं.

"ताई, त्या तुम्हीच का?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत होते.

"मी शाळेत पोरांना सांगतो, अन्याय दिसला तर तक्रार लिहा. खाली स्वतःचं नाव घाला. आता त्यांना काय सांगू?"

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. भाऊ बाहेर आले. साहेब त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. आम्हा दोघांच्या अगदी जवळून. परत येताना साहेब गुरुजींना म्हणाले, "जरा बाहेरच थांबा." दार लागलं.

बाकावर गुरुजी, टेबलाशी मी. दोघंही बाहेर. तेव्हा मला त्या दाराचा उपयोग कळला. आतल्यांना सगळं माहीत होतंच. लाखेचं सील, दोन पाकिटं, लाल शिक्का, ही सगळी पूजा आम्ही बाहेर राहावं म्हणून होती. आणि ते सील रोज मी माझ्या हाताने लावत होते.

मी पर्समधला कागद काढला आणि नानांच्या टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी.

"बघ हं," नाना म्हणाले.

"बघितलं नाना."

मग गुरुजींकडे वळून सांगितलं, "मी नाही पाठवला. कुणी पाठवला ते मी लिहून देते. खाली माझं नाव घालते." गुरुजी बाकावर थोडे सरकले आणि जागा केली. मी तिथे बसूनच माझा जबाब लिहिला.

मेल फुटल्याची चौकशी धुळ्याच्या एका अधिकाऱ्याकडे होती. पारोळामार्गे बसने गेले. त्यांनी माझा जबाब शेवटपर्यंत वाचला. एका ओळीवर पेन टेकवलं.

"हा पासवर्ड खोडा. गोपनीय असतो."

"कुत्र्याचं नाव आहे, साहेब. सगळ्या हॉलला पाठ आहे."

त्यांनी चष्मा काढला. शेजारच्या माणसाकडे बघितलं. "ठीक आहे. तुम्ही बाहेर थांबा. आम्हाला चर्चा करायची आहे, जरा गोपनीय."

"नाही थांबणार."

"म्हणजे?"

"माझ्याविषयी बोलणार आहात ना? मग मी इथेच बसते."

खुर्ची कुणी दिली नव्हती. मी ओढून घेतली. त्यांनी शिपायाला बोलावण्यासाठी घंटीवर हात ठेवला, आणि तो तसाच राहिला. शेवटी त्यांनी चर्चाच केली नाही.

माझा करार पुढे वाढवला नाही. माझ्याविरुद्ध पोलिसात अर्ज गेला आहे. साहेब जागेवर आहेत, भाऊही आहेत. उद्या मला उचलतील की नाही, ठाऊक नाही. पण तो टाइप केलेला कागद माझा होणार नाही. करार परत देतो म्हणाले तरी नाही, कोठडी दाखवली तरी नाही. मेल कुणी पाठवला, हे मला विचारतील तिथे मी सांगेन, आणि विचारणार नाहीत तिथेही. गुरुजींचा जबाब झाला की त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही असेल. आणि यापुढे मी कुणाच्याही दाराबाहेर थांबणार नाही.

धुळ्याहून निघताना मी माझ्या जबाबाची प्रत मागितली होती. ती मेलवर आली. वर 'अत्यंत गोपनीय' असं लिहिलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता अधिकाऱ्यांच्या घरच्या मेलचा होता.