कीथची मोनॅरो, लॉरीची फाल्कन

कीथ ट्रेझाइज आणि माझा नवरा लॉरी ब्रोकन हिलच्या खाणीत एकाच पाळीला उतरायचे. तरुणपणी दोघांनी गाड्या घेतल्या, दोन्ही अडुसष्ट सालच्या. कीथची होल्डन मोनॅरो, लॉरीची फोर्ड फाल्कन जीटी. तेव्हापासून दर रविवारी आमच्या मागच्या अंगणात एकच भांडण.

"माझी अडीचशे हॉर्सपॉवर, तुझी दोनशे तीस. बोल आता!" कीथ सुरुवात करायचा.

"दारं किती तुझ्या गाडीला? दोन! मागे बसायचं तर माणसाची घडी घालावी लागते."

"मागे बसायला कशाला हवंय? मागून बघायचीच गाडी आहे ती. स्वतःलाच विचार, तू आयुष्यभर मागूनच बघतोयस."

मेनिंडीच्या रस्त्यावर एकदा शर्यतही लावली. दोघंही जिंकून आले.

कीथची बायको फार पूर्वी ॲडलेडला निघून गेली होती, मूलबाळ नव्हतं. आमचं रविवारचं जेवण हेच त्याचं घर.

मग लॉरी विसरायला लागला. आधी हत्यारांची नावं, मग नातवंडांची. एका रविवारी कीथनं नेहमीसारखी कळ काढली, "अडीचशे, लॉरी!" लॉरी शांतपणे म्हणाला, "चांगलीच आहे तुझी गाडी. मी पण तसलीच घ्यायला हवी होती."

कीथच्या हातातला काटा तसाच राहिला. उठून तो शेडमागे गेला. मी मागोमाग गेले, तर भिंतीला टेकून उभा.

"असं बोलायला नको होतं गं त्यानं, नोरीन."

पुढच्या रविवारी तो आला आणि सरळ फाल्कनची बाजू घेऊन बसला. "इंजिन लहान असेल, पण वळणावर तुझी फाल्कन रस्ता सोडत नाही. माझी मोनॅरो ढिम्म!"

लॉरीनं मान वर केली. "काहीतरीच! मोनॅरोला तोड नाही. तुला गाड्यांतलं कळतं काय, गाढवा?"

कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज चढला होता. कीथ खो खो हसला आणि हसता हसता बाहीनं डोळे पुसू लागला. तो हिवाळा दोघं असे उलटे भांडले.

मग लॉरीचं बोलणंच थांबलं. त्याला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. कीथ रोज जायचा, खाटेशी बसून दोन्ही बाजू एकटाच बोलायचा. लॉरीचं वाक्य आलं की आवाज घोगरा करायचा. तिथल्या नर्सेस आधी हसायच्या. नंतर दार ओढून घ्यायला लागल्या.

वसंतात लॉरी गेला. फाल्कनची किल्ली मी कीथच्या हातात दिली. शववाहिकेच्या मागे त्यानंच ती दफनभूमीपर्यंत नेली, शेजारी मी. इंजिन बंद करून तो म्हणाला, "ब्रेक उजवीकडे ओढतात जरा. लॉरीला सांगायला..."

स्टिअरिंगवरचे हात त्यानं बराच वेळ काढले नाहीत.

अजून दर रविवारी येतो. जेवतो, आपली ताटली धुतो, जातो. मी मुद्दाम गाड्यांचा विषय काढते, तर नुसतं "हं" म्हणतो. आणि दुसरं काय बोलायचं ते इतक्या वर्षांत आम्ही दोघं शिकलोच नाही.