महादेवच्या बगलेतले बूट

धावपट्टीवर खडे साचतात तसे तिथल्या माणसांचे किस्सेही साचत गेले. ते वेचायचं काम माझं नव्हतं, म्हणून सगळे माझ्यापाशीच राहिले! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी सोनेगावच्या विमानतळावर हजेरी कारकून होतो.

महादेव आमचा मुकादम. रोज सकाळी त्याच्यासकट बारा माणसं धावपट्टीवर अनवाणी चालायची आणि पायाला लागेल तो खडा, खिळा उचलायची. गोऱ्या साहेबानं दया येऊन सगळ्यांना बूट दिले. दुसऱ्या दिवशी महादेवचे बूट बगलेत!

"काहून गा?" मी विचारलं.

"बुटाले खडा समजत नाही बाबूजी. पायाले समजते."

*

एकदा हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा झाला. सगळे खंदकात, महादेव पट्टीवरच. साहेब संतापला.

महादेव शांतपणे म्हणाला, "अर्धीच पट्टी झाली साहेब. कोणत्या अर्ध्यावर उतराचं, ते विमानवाल्याइले सांगून ठेवा."

*

पारशिवनीची सोनाबाई याच टोळीत. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे बघून ती हळहळायची, "एवढ्यात माया नवऱ्याचे दोन सदरे झाले असते." तेव्हा कापड मिळणं मुश्कील होतं. जुनी पिशवी फाटली तेव्हा साहेबानं ती तिलाच दिली.

पुढे गांधीबागेच्या बाजारात तिच्या नवऱ्याचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा दुरूनच दिसायचा. सोनाबाई म्हणायची, "आता गर्दीत हरवत नाही वं बाई!"

*

युद्ध संपलं. बॉम्बफेकी विमानांच्या जागी टपाल आणि प्रवासी येऊ लागले. नवे मॅनेजर आले, आपलेच, गावातल्या सदर भागातले. "खडे वेचायला बारा माणसं? झाडूची गाडी आणू," म्हणाले. कामावरून कमी करायची यादी मीच टाइप केली. पहिलं नाव महादेवचं. इतकी वर्षं एक टायर फुटला नव्हता. माझ्यासारख्याचं घरही त्या अनवाणी पायांवरच चाललं होतं, आणि मी मुकाट्यानं टाइप करत बसलो. ती लाज अजून जात नाही.

आज तिथून मोठमोठी विमानं उडतात. मी बसतो तेव्हा चाकं टेकली की मनातल्या मनात महादेवला हात जोडतो.

*

टोळी गेली त्याच आठवड्यात मॅनेजर मुंबईहून विमानानं परतले. महादेव नेमका बूट जमा करायला आला होता. विमान टेकलं, टायर फुटला, विमान घसरत गवतात गेलं. सुदैवानं कुणाला खरचटलंही नाही.

महादेवनं बूट माझ्या टेबलावर ठेवले आणि पट्टीवर चालत गेला. परत आला तो बोटभर लांब बोल्ट घेऊन. मॅनेजरच्या हातात देत म्हणाला, "हा सापडला साहेब. बाकी पट्टी पाहाची राहिली."

संध्याकाळी मॅनेजरनी मला बाराही जणांकडे उद्यापासून कामावर यायचा निरोप घेऊन पाठवलं.

सकाळी टोळी रांगेत उभी राहिली. मॅनेजर आले. बूट बगलेत.

"मुकादम, मी कुठून चालू?"

महादेवनं त्यांच्या गोऱ्यापान पायांकडे पाहिलं.

"तुम्ही मधातून चाला साहेब. कडेले काटे हायेत."