व्याह्यांचा डावा पाय

आमच्या व्याह्यांसारखा दुखणं नको तिथे उधळणारा माणूस अख्ख्या सिडनीत सापडायचा नाही. अंगठ्याजवळचं वाढलेलं हाड कापून चार महिने झाले, तरी डावा पाय ठणकतो. हे आमच्या टूनगॅबी उपनगराच्या किराणा दुकानातल्या पंजाबी बाईला माहीत, पोस्टमनला माहीत, शेजारच्या गोऱ्या म्हातारीच्या कुत्र्यालाही माहीत. माहीत नाही फक्त डॉक्टरला.

हे माझ्या सुनेचे वडील. पुण्यात बँकेत साहेब होते. मी चौथी शिकलेला, एसटीच्या डेपोतला मेकॅनिक. आता दोघेही पोरांच्या एकाच घरात. दिवसभर यांचा सोफ्यावर तीन उशांवर पाय, जसा काही सत्यनारायण मांडलाय. पंख्याचा वारा लागला तरी "आई गं!" फिजिओने फरशीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी ओढायला सांगितलं, तर यांनी तो हाताने उचलून नीट घडी घातली. म्हणे, "पायाने कापड ओढणं आपल्यात बरं दिसत नाही." ती बिचारी बजावून गेली, की दुखतं म्हणून असंच वाकडं चालत राहिलात तर सांधा आखडेल, काठी जन्माची.

आणि डॉक्टरने विचारलं, शून्य ते दहा, किती दुखतं? की घरी पंधराच्या खाली न येणारा हा माणूस कोट सारखा करून म्हणतो, "टू, डॉक्टर! व्हेरी गुड जॉब!" वर बेसनाच्या लाडवांचा डबा. डॉक्टर खूश. नो वरीज, महिन्याने या.

पार्किंगमध्ये मी झापलं, "खोटं का बोललात?"

"अहो, एवढ्या मेहनतीने कापलंय त्याने. तोंडावर कसं सांगायचं?"

शिकलेल्यांची अक्कल ही!

परवा मीही आत घुसलो. व्याही "टू" म्हणाले तसा मी ओरडलो, "नो टू! ही लाय!"

"अहो व्याही, काय हे!"

"गप बसा. खरं सांगा त्याला."

व्याह्यांनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. मग पोरासारखे पुटपुटले, "एट." डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली, स्वतःच्या हाताने मोजा काढला, आणि पहिल्यांदा पाय नीट चाचपून बघितला. व्याह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी भिंतीकडे तोंड केलं. आमची ही दोन वर्षांपूर्वी इथेच गेली. तीही डॉक्टरला "बरं आहे" म्हणायची, आणि मी बाहेर खुर्चीत बसून राहायचो, इंग्रजी येत नाही म्हणून. "एट" म्हणायला कितीसं इंग्रजी लागतं हो?