पाताळगंगा हे नाव मी कधी घातलं नाही

"मावशी, नाव घालायचंय. पण ते नवं दिसता कामा नये."

असं म्हणून त्या माणसानं पिशवीतून तांब्याची जुनी कळशी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मी कळशीला हात लावला नाही. आधी त्याच्याकडे पाहिलं. वय पंचेचाळीसच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, खिशाला कंपनीचं कार्ड. नजर मात्र रस्त्यावर.

कर्जतच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी भांड्यांवर नावं घालते. सासरे घालायचे, त्यांच्याकडून शिकले. छिन्नी, हलकी हातोडी आणि मांडीत भांडं, एवढंच सामान. हल्ली विजेचं पेन आलंय, तेही आहे. लोक मला एकच सांगतात, ठळक घाला. नवं दिसू नये असं सांगणारा हा पहिलाच होता.

"काय नाव घालायचं?"

"चि. सौ. कां. पाताळगंगा. खाली सालपण घाला, मी सांगतो ते."

"कोण ही?"

"आमची आई."

इथे माझा संशय पक्का झाला. कारण सांगते.

भांड्यावरचं नाव बघून मी बाईचं वय सांगते. रखमा, हिरा, गंगू निघाली की पितळ असतं आणि बाई बहुतेक गेलेली असते. मग कुसुम, सुमन, शकुंतला. मग स्टील आलं आणि त्याबरोबर सुनीता, संगीता आल्या. एकेका दिवसाला चार सुनीता घातल्यात मी. मग वैशाली, मग पूजा. आताच्या आरोही नि अन्विका शाळेच्या बाटलीपुरत्या येतात. नद्यांची नावं म्हणाल तर गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भीमा, सगळ्या घातल्या. पण पाताळगंगा? ती तर आपली खोपोलीची नदी. दारातल्या नदीचं नाव पोरीला कोण ठेवतं? माझ्या हातून हे नाव एकदाही गेलेलं नाही. गेलं असतं तर आठवलं असतं.

दुसरं, कर्जतला जमिनीला भाव आल्यापासून इथे मेलेली माणसं सह्या करतात. बंगल्यांसाठी प्लॉट पाडणारे येतात, सातबारावर कुणा बहिणीचं नाव अडतं, मग एजंट कुठूनशी एक म्हातारी बहीण म्हणून उभी करतात. मला वाटलं, हाही त्यातलाच. म्हातारी मिळालीय, आता तिला पुराव्यासाठी भांडं पाहिजे.

"आईला घेऊन ये," मी म्हटलं.

"ती कशाला? मी पैसे जास्त देतो ना."

"मग तर आईला आणच."

तो कळशी उचलून गेला. परत येणार नाही असं मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आईसकट हजर. तो दिनेश, साजगावच्या एका कंपनीत कामाला. आई सत्तरीची, नऊवारी, पायात रबरी चप्पल. घर खालापूरच्या बाजूला. मी बसायला पाट दिला, पण चहा सांगितला नाही. चहा सांगितला की मग खोटं ऐकून घ्यावं लागतं.

"तुमचं नाव काय?"

"आता लक्ष्मी. बापाकडं पाताळगंगा."

"असलं नाव कुणी ठेवलं?"

"आयनं. तिचं माहेर त्या नदीवर. माज्या आदी एक पोर गेलं व्हतं तिचं. आजूबाजूचे व्हाळ उन्हाळ्यात सुकतात, पर ह्या नदीला वीजघराचं पाणी येतं, ती आटत नाय. आय बोलली, पोरगीपण न आटता राहू दे."

"मग सासरी का बदललं?"

म्हातारी एकदम हसली. "सासरा बोलला, ज्या नदीत आमी म्हशी धुतो, तिच्या नावानं सुनेला हाक मारू? म्हशीपण वळून बघतील! सासू बोलली, नावात पाताळ हाय, घर खाली जाईल. लग्नात तांदळात लक्ष्मी लिवली. झालं."

मलाही हसू येत होतं, पण मी आवरलं. चांगलं पाठ केलेलं माणूस असंच सांगतं.

मग दिनेशनं सगळी गोष्ट सांगितली. म्हातारीचा बाप धर्मा. त्याची जमीन पळसदरीकडच्या एका गावात. बाप गेला, जमीन त्याच्याच नावावर राहिली. आता भाऊ काशिनाथ ती एका प्लॉटवाल्याला विकतोय. वारस म्हणून त्यानं स्वतःचं एकट्याचं नाव दिलंय. शाळेच्या रजिस्टरात पाताळगंगा तिसरीपर्यंत आहे, म्हणून बहीण नव्हतीच असं म्हणता येईना. मग त्यानं लिहून दिलं, एकच बहीण होती, ती लहानपणीच वारली.

"जित्या बहिणीला?" मी विचारलं.

"आय गेल्यावर आमचं येणंजाणं तुटलं," म्हातारी म्हणाली. "गावची जुनी माणसं गेली. हायेत ती त्याच्या बाजूनं."

दिनेश म्हणाला, "आम्ही हरकत घेतली. सर्कलसाहेब बोलले, शाळेत पाताळगंगा, आधारवर लक्ष्मी. दोन्ही एकच बाई आहे असं दाखवणारं जुनं काहीतरी आणा. लग्नाची पत्रिका नाही, फोटो नाही. पुढच्या सोमवारी तारीख आहे, नाही आणलं तर मामाची नोंद मंजूर." सर्कल म्हणजे तलाठ्याच्या वरचा साहेब. वारसाची भांडणं आधी त्याच्यापुढे येतात.

"म्हणून कळशी?"

त्यानं मान खाली घातली. "भंगारवाल्याकडून आणली."

मी त्याला तिथेच झापलं. "मोठा शहाणाच आहेस! लग्नाच्या भांड्यावर माहेरचं नाव कधी असतं का रे? लग्न ठरलं की मुलीकडचे आधी विचारायचे, तुम्ही नाव काय ठेवणार? मग तेच नाव घालून घ्यायचे. माझे सासरे तर सासरचं नाव कळल्याशिवाय छिन्नी उचलायचे नाहीत. ही कळशी घेऊन गेला असतास तर तिथल्या कुठल्याही म्हातारीनं ती खोटी म्हणून सांगितली असती. आणि कळशीबरोबर तुझी आई खोटी ठरली असती."

बोलता बोलता माझ्याच डोक्यात आलं. भांड्यावर नाव घेणारीचं असतं, तसं देणाऱ्याचंही असतं. भाऊ हंडा देतो तो बहिणीला दिसावा म्हणून देत नाही, तिच्या सासरच्यांना दिसावा म्हणून देतो. तो स्वतःचं नाव घातल्याशिवाय राहील?

"लग्नातलं भांडं कायतरी उरलंय का घरात?" मी म्हातारीला विचारलं.

"सगळं मोडीत घातलं. एक हंडा ऱ्हायलाय. भायेर चुलीवर आंगोळीचं पाणी तापतं त्यात."

"कुणी दिलेला?"

"त्यानंच. काशिनाथानं."

"त्यावर काय लिहिलंय?"

"लक्ष्मी आसंल. मी कशाला वाचू? ते काय माजं नाव व्हतं?"

पंचेचाळीसहून जास्त वर्षं ती त्या हंड्यातलं पाणी अंगावर घेत होती, आणि एकदाही तिनं तो वाचला नव्हता. तरी मी विश्वास ठेवला नाही. म्हटलं, आणा. घासू नका, आहे तसाच आणा.

दोन दिवसांनी पोत्यात घालून आणला. गळ्यापर्यंत काजळी, हात लावला की बोटं काळी. दुकानाच्या मालकाला आणि शेजारच्या फुलवालीला साक्षीला बोलावलं. त्यांच्यासमोर गळ्याखालचा अर्धाच भाग चिंचेनं घासला. उरलेला अर्धा काळाच ठेवला. म्हातारी घासायला पुढे आली, तिला मी हात लावू दिला नाही.

अक्षरं निघाली. 'सौ. लक्ष्मी हिस भाऊ काशिनाथ धर्मा कडून'. पुढे काजळीत काहीतरी होतं, ते मी काजळीतच राहू दिलं.

अक्षर माझ्या सासऱ्यांचं होतं. काना ओढताना त्यांची छिन्नी शेवटी जराशी उजवीकडे घसरायची, ती शेकडो भांड्यांवर घसरलेली आहे. आता मी चहा सांगितला.

सोमवारी मला जबाबाला नेलं. काशिनाथ आला होता. पांढरी टोपी, काठी, बरोबर काळा चष्मा घातलेला, प्लॉटवाल्याचा एक माणूस. सर्कलसाहेबांनी हंडा टेबलावर घेतला. फायलींना काजळी लागली.

काळ्या चष्म्याचा माणूस लगेच म्हणाला, "साहेब, ही बाई बाजारात नावंच घालते. परवा घातलं असणार. पैसे दिले की काय पण लिहील."

बरोबरच होतं त्याचं. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

"मावशी, शिक्षण किती?" साहेबांनी विचारलं.

"चौथी. पण बोट लावून बघायला चौथी पुरते. नवं नाव घातलं की अक्षराची कड बोटाला टोचते. ही टोचत नाही, झिजलीय. नाव परवा घातलं असतं तर घासल्याचे जुने चरे अक्षरानं तोडले असते. इथे चरे अक्षराच्या वरून गेलेत. आणि पुढची अक्षरं अजून काजळीखालीच आहेत. काजळीच्या आत जाऊन मला नाव घालता येत नाही. तुमच्या हातानं घासा."

त्यांनी शिपायाकडून ओलं फडकं आणि चिंच मागवली. शिपायानं घासलं. काशिनाथच्या गावाचं नाव निघालं आणि खाली साल. काळ्या चष्म्याचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला.

साहेबांनी काशिनाथला विचारलं, "काका, तुम्ही लिहून दिलंय की एकच बहीण, ती लहानपणी वारली. मग ही लक्ष्मी कोण?"

"मानलेली आसंल कोणतरी. आता आठवत नाय."

"मानलेल्या बहिणीला तांब्याचा हंडा?"

म्हातारी काशिनाथसमोर जाऊन उभी राहिली. ती म्हणाली, "दादा, म्हशी वळून बघतील म्हनून वरातीत सगळ्यात जास्त तूच हसला व्हतास. तेपण इसरलास?"

काशिनाथच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसू होतं की काय, सांगता येत नाही. पण त्यानं नाही म्हटलं नाही. साहेबांनी तेवढं कागदावर घेतलं.

काशिनाथची एकट्याची नोंद नामंजूर झाली. पुढे दोन महिने हेलपाटे झाले, दोन प्रतिज्ञापत्रं झाली, मग सातबारावर नाव लागलं, 'पाताळगंगा ऊर्फ लक्ष्मी'. दिनेश उतारा दाखवायला आला, पेढे घेऊन. मी नाव नीट वाचून घेतलं आणि मगच पेढा घेतला.

वर्षाच्या आत म्हातारीनं आपला हिस्सा त्याच प्लॉटवाल्याला विकला. लोकांना वाटलं मला वाईट वाटेल. कशाला? तिचा होता, तिनं विकला. भावानं विकला असता तर ती मेलेली राहिली असती.

तेव्हापासून कुणी लग्नाची भांडी नावं घालायला आणली की मी देणाऱ्याचं नाव घेणारीपेक्षा जरा खोल घालते. घेणारी स्वतःला विसरत नाही. देणारे विसरतात.