पावडरीची पिशवी

राजेंद्र सोनिवलीच्या एका नव्या इमारतीत राहायचा, अंबरनाथच्या कारखान्यात कंत्राटी फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी कॅरम खेळायचा. बदलापुरात कुठेही स्पर्धा असली की त्याचं नाव ठरलेलं. एरवी अबोल माणूस, बोर्डावर बसला की मात्र खुलायचा.

त्या रविवारी संध्याकाळी तो सामन्यासाठी बेलवलीला निघाला होता. पुढे नाकाबंदी दिसली. हेल्मेट घातलेलं नव्हतं, म्हणून दंड चुकवायला त्यानं स्कूटर मागे वळवली. दोन शिपाई धावत आले. का वळलास, असं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत त्याच्या खिशात हात घातला. बोर्डावर टाकायच्या पांढऱ्या पावडरीची पिशवी निघाली.

तो कॅरमचं सांगत राहिला. नाकाबंदीवरच्या साहेबांनी चिमूटभर पावडर तपासणीच्या किटमध्ये टाकली, तर रंग बदलला. 'एमडी' ही नशेची पावडर सापडली, असं लिहिलं गेलं. नशेच्या मालाचं वजन एवढं भरलं, की जामीन मिळणंच मुश्कील.

त्याची बायको सुनेत्रा पोळ्या अर्धवट टाकून तशीच पोलीस ठाण्यात धावली. दाराशी बाई पोलिसानं आधी तिच्या हातांना लागलेलं पीठ निरखून पाहिलं.

शेजारच्या इमारतीतल्या अस्मिता वकील होत्या. त्यांनी कागद वाचले. किटमधला रंग चुकीचाही निघतो, पक्कं काय ते प्रयोगशाळा सांगते; आणि संशयाला काहीतरी आधार लागतो, नुसती स्कूटर वळवणं हा आधार होत नाही, असं त्या म्हणाल्या. शिवाय अंगझडतीच्या आधी, मॅजिस्ट्रेट किंवा मोठ्या अधिकाऱ्यासमोर झडती हवी का, हे विचारावं लागतं. विचारलं होतं, असं कागदावर होतं. खाली राजेंद्रची सही होती.

तुरुंगात भेट झाली तेव्हा सुनेत्रानं पहिलं तेच विचारलं. "अहो, सही का केलीत?"

"ठाण्यात नेल्यावर केली. म्हणाले, सही कर, लगेच सोडतो."

हे सगळं खटल्यात बघू, असं म्हणून कोर्टानं जामीन नाकारला. आता सगळं प्रयोगशाळेच्या अहवालावर होतं आणि तो येत नव्हता. दर तारखेला सरकारी वकील मुदत मागायचे. कारखान्यात दुसरा फिटर आला.

शेवटी सुनेत्रानं राजेंद्र नेहमी घ्यायचा त्याच दुकानातून तसलीच पावडर घेतली आणि प्रयोगशाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. वॉचमन आत सोडेना. तिनं पिशवी फोडली आणि त्याच्या देखत चिमूटभर जिभेवर ठेवली.

"बघा दादा, मला काही होतंय का? एवढंच आत जाऊन सांगा."

वॉचमननं तिला पाणी दिलं. घरी जा ताई, म्हणाला.

अहवाल कित्येक महिन्यांनी, गणपती होऊन गेल्यावर आला. नशेचा कुठलाही पदार्थ आढळला नव्हता. राजेंद्र सुटला.

बेकायदा झडतीबद्दल तक्रार करता येईल, असं अस्मितांनी सुचवलं. त्यासाठी त्याला पुन्हा सगळं सांगावं लागणार होतं.

"मला परत त्यांच्यासमोर उभं करू नका," एवढंच तो म्हणाला.

सुनेत्रानं आग्रह धरला नाही. तो आता उल्हासनगरच्या एका कापड दुकानात गठ्ठे उचलतो. स्कूटर विकली. मुख्य रस्ता टाळून, गल्ल्यागल्ल्यांतून तो स्टेशनपर्यंत चालत जातो, आणि तो घरी पोचेपर्यंत सुनेत्रा जेवायला बसत नाही.