बिनमुलखाची फौज

ज्यानं माझे लोक मारले तो माझ्याच कंपनीत, माझ्याच पाळीत कामाला आहे. वाळूजच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसतो. रोज सकाळी त्याच्या मानेकडं बघत जायचं आणि संध्याकाळी तीच मान बघत परत यायचं, हे माझ्या नशिबाला आलंय.

माझे लोक म्हणजे माणसं नव्हेत. शहागंजात एका मित्राचं प्लास्टिकच्या डब्या-बादल्यांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत आम्ही पाच जण रविवारी दुपारी टेबलावर युद्धाचा खेळ मांडायचो. ग्रहांचा नकाशा, फासे, मोजपट्टी आणि हातानं बनवलेले छोटे सैनिक. प्रत्येकानं आपली परग्रहावरची प्रजात स्वतः रचायची. ती दिसते कशी, तिच्यात कोणाचं चालतं, ती लढते कशी, सगळं. मग त्या प्रजातींची महिनोन्महिने मोहीम चालायची. नियम लिहायचं काम ह्या पुढच्या सीटच्या मानवाल्याकडं होतं. गडी कन्नडकडचा, घरचा ऊस, घरचा ट्रॅक्टर. आपल्या शब्दापुढं कुणी बोललं की त्याच्या कपाळावर आठी पडायची.

बाकीच्यांनी काय रचावं? एकाचे सरडे, एकाचे किडे, एकाची यंत्रं. पण सगळ्यांना एक राजधानी, एक किल्ला आणि किल्ल्यात बसून हुकूम सोडणारा एक कुणीतरी. आकाशगंगेच्या पार टोकाला जाऊनसुद्धा ह्यांना तहसील कचेरीच सुचते. मी तसं तोंडावर बोललो, आणि ते कुणाला आवडलं नाय.

माझंही सुरुवातीला काही वेगळं नव्हतं. मी कागदावर नुसते हत्यारबंद सैनिक काढत बसलो होतो. घरी आईनं बघितलं आणि म्हणाली, "हे एवढे दांडगे चाललेत कुठं? मुक्काम कुठं पाडायचा ते कोण ठरवतं ह्यांच्यात? लेकरं कुणाकडं?" मी म्हणालो, सैन्य आहे आई, लेकरं कशाला असतील. "मग मेल्यावर पुढं कोण लढणार, तू?" असं म्हणून ती कामाला लागली.

तिथून मला माझे लोक सापडले. माझ्या बापानं अर्धं आयुष्य मेंढ्यांमागं काढलंय. आमच्यात बायका घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं जायच्या, पाणी आणि रान बघून मुक्कामाची जागा धरायच्या. गडी मेंढ्या घेऊन मागून यायचे, बायकांनी खुणेला वाटेवर ठेवलेले दगड बघत. माझ्या प्रजातीतही तसंच ठेवलं. म्हाताऱ्या पुढं. लढणारे मागं, पिल्लं मधी. पुढचा तळ कुठं ते लढणाऱ्यांना आधी कळायचंच नाही, म्हणून पकडला गेला तरी कुणी काही सांगू शकायचा नाही. सेनापती नाही. ज्याची राखणीची पाळी त्याचा हुकूम. त्यांची गोफण मात्र अशी की उल्का भिरकावून द्यायची. आईनं जुन्या घोंगडीची लोकर दिली, ती मी एकेकाच्या पाठीवर चिकटवली. लई देखणे झाले होते.

आणि एक गोष्ट घातली. शेतकरी शेतात मेंढ्या बसवून घेतात, खतासाठी. माझ्या लोकांचा तळ जिथं पडेल तिथली जमीन पुन्हा पिकायची, मग ती शत्रूची का असेना. हे वाचून मानवाला लई हसला. "शत्रूला खाऊ घालणारी फौज! राहू दे, राहू दे, गंमत म्हणून राहू दे." दर हंगामाला जमिनीचा कस उतरत जातो हा नियम त्यानंच आधी करून ठेवला होता, म्हणजे आम्ही जमिनीसाठी भांडावं. दोन्ही नियम शेजारी शेजारी ठेवून बघायची त्याला गरज वाटली नाय.

मला जिंकायचं नव्हतं. माझे लोक नकाशावर टिकले पाहिजेत, मला एवढंच पाहिजे होतं.

तेच त्याला खुपलं. एका रविवारी त्यानं नवा नियम वाचून दाखवला. ज्या प्रजातीला स्वतःचा मुलूख नाही तिच्यावर हल्ला केला तर करार मोडल्याचा दंड नाही. मी म्हणालो, का? तो म्हणाला, "हद्दीचा नियम हद्दवाल्यांना. तुझ्या लोकांना ना घर ना दार."

हे शब्द त्याचे नव्हते. एका गावात माझ्या बापाला हेच ऐकवून भरल्या कळपासकट हाकललं होतं. ज्यानं मेंढ्या बसवायला बोलावलं त्यानंच, पिकात घातल्या म्हणून खोटा आळ घेऊन. त्यानंतर बापानं मेंढ्या विकल्या. हे मीच ह्याला बसमध्ये सांगितलं होतं, मित्र समजून. माझं डोकं असं सणकलं की टेबल उलटंच करणार होतो. दुकानवाला मित्र म्हणाला, "इत्ता कायकू गरम होरा भई, बैठ." बसलो.

त्या दुपारी चौघांनी मिळून माझे लोक मारले. दुकानवाल्यानंही. तो फासे टाकताना माझ्याकडं बघत नव्हता. मानवाल्यानं पहिल्याच फेरीत पुढं गेलेल्या म्हाताऱ्या घेतल्या. मागचे तिथंच फिरत राहिले, वाटेवर दगडच नव्हते. मग पिल्लं गेली. मी सगळे डब्यात भरले आणि निघून आलो. घरी आईनं डबा उघडून पाहिला आणि कपाटावर ठेवला.

त्यानंतर मी गेलो नाय. ते चौघं खेळत राहिले. हळूहळू दुकानवाल्याचे फोन यायला लागले. सरड्यांकडं दाणा नाय, किड्यांची फौज अर्धी बसून, यंत्रांना जळणाचं पीक नाय. सगळ्या ग्रहांचा कस उतरलेला. कुणालाच हल्ला करता येईना, की मागं फिरता येईना. मी ऐकून घ्यायचो. खोटं कशाला बोलू, लई गार वाटायचं.

परवा बसमध्ये ती मान वळली.

"रविवारी ये की. मोहीम पार अडकली. तुझ्या लोकांना परत घेऊ, तो नियम काढून टाकतो मी."

"येऊन काय करतील?"

"आधी करायचे तेच. आमच्या जमिनीवर मुक्काम पाडतील."

"मुक्कामाची जागा ज्यांना कळायची त्यांना तू पहिल्या फेरीत मारलंस."

"अरे, त्यात काय, परत मांड. खेळ आहे तो. राग धरलास का काय?"

"व्हय," मी म्हणालो. "धरला."

तो पुढं वळला. गेटपाशी बस थांबल्यावर उतरताना त्यानं माझ्यासाठी वाट सोडली. तो उतरेपर्यंत मी सीटवरून उठलो नाय.