बाबांचा आवाज शोधायला डोंबिवली ते कोपरी

आमच्या आईने बाबांच्या चौदाव्याला एक काम केलं, त्याची फळं मी आणि दादाने गेल्या रविवारी दिवसभर भोगली.

बाबा दिवसा अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी करायचे आणि संध्याकाळी डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत पेटी घेऊन गाणं शिकवायचे. अभंगांना स्वतः चाली लावायचे. प्रत्येक शिष्याची एक कॅसेट असे. शिकवणी त्यात भरायची, म्हणजे आपण कुठे चुकतो ते ज्याचं त्याला ऐकता येईल. या कॅसेटी वर्षानुवर्षं आमच्या फळीवर पडून होत्या. चौदाव्याला शिष्यमंडळी गोडाच्या जेवणाला आली, आणि निघताना आईने एकेकाच्या हातात त्याची कॅसेट ठेवली. "ज्याचा गळा, त्याची टेप," म्हणाली. आम्हाला विचारायची पद्धत आमच्या घरात नाहीच.

आता वर्षश्राद्ध आलं तेव्हा दादाला जाग आली. बाबांच्या सगळ्या चाली एकत्र करायच्या, घरच्यांसाठी, शिष्यांसाठी, ज्याला हव्या त्याच्यासाठी इंटरनेटवर ठेवायच्या. कल्पना उत्तमच होती. दादाने लगेच एक्सेलचा तक्ता केला: टेप क्रमांक, अभंग, गायक, रेकॉर्डिंग कोणी केलं, शेरा. तक्ता तयार, कॅसेटी गायब. शिवाय आमच्याकडे बाबांच्या आवाजात एक ओळसुद्धा नव्हती. लग्नांच्या व्हिडिओत ते जेवतायत, नातवाच्या बारशात डुलक्या काढतायत, पण गात कुठेच नाहीत. मला तक्ता नको होता. मला त्यांचं गाणं हवं होतं, एक मिनिटभर का होईना.

फोनाफोनीत कळलं की तिघांकडेच कॅसेटी शिल्लक आहेत, आणि तिघेही त्या हातातून सोडायला तयार नाहीत. घरी येऊन ऐका म्हणाले. म्हणून जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला आणि सकाळी आठला निघालो. असलं काही करणार असाल तर पहिला सल्ला: टेपरेकॉर्डरची वायर स्वतः पिशवीत टाका, भावावर सोपवू नका. पत्रीपुलापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

कल्याण पश्चिमेला सुमनताईंच्या घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेलेले. एवढ्याशा अंतराला दोन तास! त्यातला एक तास वायरचा, हे दादाला अजून मान्य नाही. सुमनताई सत्तरीच्या, बाबांच्या पहिल्या शिष्या. पोहे समोर ठेवून त्यांनी कॅसेट लावली. तंबोरा, पेटी, मग त्यांचा तरुण आवाज. एका जागी त्या अडखळल्या. लगेच बाबा बोलले, "थांबा. असं नाही. हं, ऐका आता."

आणि खट.

पुढच्या क्षणी परत सुमनताईच गात होत्या, तीच ओळ, या वेळी बरोबर.

"मधलं कुठे गेलं?" मी विचारलं.

"सर स्वतः गायचे ना, तेव्हा टेप बंद असायची," त्या अगदी सहज म्हणाल्या. "म्हणायचे, माझं गाणं भरून टेप कशाला वाया घालवायची? आणि घरी टेप ऐकून नक्कल करत बसाल. समोर बसून शिका."

तासाभराच्या कॅसेटीत एकोणीस वेळा "ऐका आता" आणि एकोणीस वेळा खट. माझं डोकंच फिरलं. वाघासारखा गाणारा माणूस, आणि स्वतःला इतक्या शिस्तीने पुसून गेला! दादा आपला मन लावून तक्ता भरत होता. गायक: सुमनताई. शेरा: पोहे छान.

कल्याणहून कोलशेतला जायला दुर्गाडी पूल, कोनगाव, भिवंडी बायपास करत माजिवड्याला या. रविवारी रस्ता मोकळा असतो असं सांगणाऱ्याला माझ्यासमोर उभा करा. रस्त्याचं काम, कंटेनर, एक लग्नाची वरात. गाडीतला एसी दादाने मायलेजसाठी बंद ठेवलेला. कापूरबावडीला पोचेस्तोवर आमच्यात बोलणं बंद झालं होतं.

कोलशेतला बाळाराम पाटलांचा बंगला टॉवरांच्या मधोमध आहे, अंगणात तुळस आणि दोन गाड्या. गावच्या भजनी मंडळाचे ते बुवा. नोकरी संपली की कोलशेतहून थेट डोंबिवलीला शिकायला यायचे. कॅसेट त्यांनी देवघरात ठेवली होती, लाल फडक्यात.

"ये बाय, ये. आधी जेव, मंग ऐक," म्हणाले. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, वर तळलेली मांदेली. पोटभर खा, नाही म्हणू नका, त्यांना राग येतो.

कॅसेट लावली. पाटलांचा पहाडी आवाज, बाबांचं "ऐका आता", खट. मी हात जोडले.

"बाबांनी निदान एकदा तरी बटण दाबायला विसरावं की नाही? एवढं कसलं ते लक्षात ठेवायचं?"

पाटील हसायला लागले. "बाबा कशाला दाबतील? त्यांचं हात पेटीवर. बटण तू दाबाचीस ना!"

"मी?"

"मंग कोन? फ्रॉक घालून टेपजवल बसाचीस, डोले मोठं करून. बाबांचा बोट वर गेला का खट, खाली आला का खट. एकदा पन चुकली नाय पोरगी. आमी म्हनायचो, काय हुशार पोर हाय!"

मला टेपजवळ बसल्याचं आठवत होतं. पंख्याचा वारा तिथेच यायचा म्हणून बसायचे, अशी माझी समजूत होती. पण आता बोटांना ते बटण आठवलं. काळं, चौकोनी, मधे खोलगट. शाबासकी मिळायची मला. त्या शाबासकीसाठी मी बाबांचा आवाज एकेक ओळ करून घालवला होता, आणि सकाळपासून शिव्या बाबांना देत होते.

गाडीत दादाचं तोंड उघडलं. "म्हणजे तूच."

"गप्प बस. गाडी चालव."

"मी फक्त तक्त्यासाठी विचारतोय. रेकॉर्डिंग कोणी केलं, या रकान्यात तुझं नाव टाकू ना?"

खरं सांगते, तेव्हा मला रडू आलं होतं आणि त्याचाही राग येत होता.

कोपरीला गाडी नेऊ नका. रेल्वेच्या त्या बाजूला गाडी लावायला जागा शोधण्यात आमची चाळीस मिनिटं गेली, शेवटी एका दवाखान्यासमोर लावली आणि वॉचमनचं बोलणं ऐकून घेतलं. दामले सर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे निवृत्त शिक्षक, बोलणं एकदम शुद्ध.

"तुम्ही उगाच श्रम घेतलेत," दार उघडताच म्हणाले. "माझ्याकडची कॅसेट बिघडलेली आहे. तुमच्या वडिलांची आठवण म्हणून टाकवली नाही, इतकंच."

कॅसेटीवर त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: वाया गेलेली.

"म्हणजे तुटलीय?" मी विचारलं.

"तुटलेली नाही. पण तीत माझं गाणं जवळजवळ नाहीच. तुम्हीच कारण आहात त्याला. आठ-नऊ वर्षांच्या असाल. त्या दिवशी तुम्ही काही केल्या ऐकेनात."

मी पायऱ्या चढून आधीच धापा टाकत होते. दादाने कॅसेट घातली. दामले सरांची एक ओळ, थोडी बेसूर. मग बाबा. "नाही, नाही. ऐका आता."

खट झालं नाही.

"अगं, बटण," बाबा म्हणाले. मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. "वैशू. बटण."

"मी नाही दाबणार जा," एक पोरगी ठसक्यात म्हणाली. "सगळ्यांना शिकवता. मला नुसतं बटण."

दामले सर टेपमध्ये काहीतरी पुटपुटले. टेप फुकट जातेय, असं असावं. बाबा हसले. त्यांचं हसू मी विसरलेच होते, आधी नाकातून सुरू व्हायचं.

"रुसलीय," ते म्हणाले. "असू दे. राहू दे चालू."

आणि गायला लागले. एक ओळ दाखवून थांबले नाहीत, अख्खा अभंग गायले, तिन्ही कडवी. सुरांची जी जागा सुमनताई आणि पाटील बुवा आपापल्या टेपमध्ये वेगवेगळी घेतात, ती बाबांनी दोघांपेक्षाही वेगळी घेतली. मधे एकदा आवाज फाटला, खाकरले आणि पुढे गेले. दादा पेन हातात धरून नुसता बसला होता. दामले सर म्हणाले, "पाहा, मी म्हटलं नव्हतं? संपूर्ण बाजू गेली." मी त्यांच्या पाया पडले. ते चांगलेच गोंधळले.

परतीला मुंब्रा बायपासवरून शीळफाट्याला आलो आणि तिथे सव्वा तास अडकलो. अडकणारच, हे धरूनच निघा, पाणी आणि शेंगदाणे जवळ ठेवा. मोबाइलवर उतरवून घेतलेलं ते गाणं आम्ही सहा वेळा ऐकलं. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारला तेव्हा दादा काच खाली करून त्याच्यावर ओरडला, "गाणं ऐकू देत नाही का रे?" दिवसभरात मला त्याचं पहिल्यांदाच पटलं.

घरी आईला ऐकवलं. ती पदराला हात पुसत शेवटपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी तुला शिकवायला बसले होते. तू अर्ध्या तासात उठून खेळायला पळालीस." मला हे आठवत नाही. त्याची टेपही नाही, कारण बटणाला कोण बसणार होतं?

तर हाती आलं ते एवढंच. एकूण पंचावन्न खट आणि एक अभंग. पाटील बुवा म्हणतात, प्रत्येक खटच्या जागी बाबा काय गायले ते आम्ही तिघं मिळून सांगतो, ये परत. म्हणजे परत पत्रीपूल, परत भिवंडी बायपास, परत तो एसी. जाणार आहे, न जाऊन सांगते कुणाला.

दादाने तक्ता पूर्ण करून पाठवला. शेवटच्या ओळीत गायकाच्या रकान्यात पहिल्यांदाच बाबांचं नाव आहे. शेजारी, रेकॉर्डिंग कोणी केलं: वैशू. आणि शेरा: रुसलेली होती.